बायपासनंतरचा भ्रम आधी ओळखता येतो का? आर्वी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याचं प्रकरण

रुग्ण ७१ वर्षांचे शेतकरी, आर्वी तालुका, जिल्हा वर्धा. शिक्षण दुसरी, सही करतात, वाचन केव्हाच सुटलेलं. मधुमेह आणि रक्तदाब बारा वर्षांपासून. तीन वर्षांपूर्वी उजव्या हाताला अर्धांगाचा हलका झटका, हात महिनाभरात पूर्ववत. एका डोळ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याचा पिकत आलेला. डाव्या कानानं कमी ऐकू येतं. अँजिओग्राफीत तिन्ही रक्तवाहिन्यांत अडथळे, हृदयाची पंपिंग क्षमता ४० टक्के. बायपास नागपूरला करायची ठरली, महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेतून. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

मी त्यांचा तालुक्याच्या गावातला फिजिशियन. ऑपरेशन करणारा नाही, भूल देणाराही नाही. पण तारीख तीन आठवड्यांनंतरची मिळाली होती आणि या प्रकरणात जे काही करता आलं ते बहुतेक त्या तीन आठवड्यांत झालं.

मुलानं विचारलं ते सगळेच विचारतात: ऑपरेशन सक्सेस होईन ना? सुनेचा प्रश्न वेगळा होता. त्यांच्या शेजारच्या घरातले एक काका बायपासनंतर चार दिवस कोणाला ओळखत नव्हते, सलाईन उपटून टाकत होते, बायकोला शिव्या देत होते. "डॉक्टरसाहेब, आमच्या मामाजीचं तसं होईन का?"

तिनं विचारलेल्या त्या अवस्थेला डेलिरियम म्हणतात. काही तासांत किंवा एखाद-दोन दिवसांत लक्ष विस्कटतं, बोलणं भरकटतं, दिवसभरात माणूस कधी ठीक तर कधी पार हरवलेला दिसतो. हा स्मृतिभ्रंश नव्हे. स्मृतिभ्रंश महिनोन्‌महिने सरकत येतो. मात्र ज्याच्या स्मृतीला आधीच थोडी ओहोटी लागली आहे त्याला डेलिरियम लवकर गाठतो. हृदय शस्त्रक्रियेनंतर वयस्कांमध्ये तो किती जणांना होतो याचे आकडे एक पंचमांशापासून निम्म्यापर्यंत जातात. जिथं रोज नीट तपासलं तिथं जास्त सापडला.

आकड्यांचं उत्तर

सुनेच्या प्रश्नाला उत्तर देण्यासाठी हाताशी एक साधी पद्धत आहे. २००९ साली 'सर्क्युलेशन' या नियतकालिकात रुडॉल्फ आणि सहकाऱ्यांनी ६० वर्षांवरच्या हृदय शस्त्रक्रियेच्या रुग्णांसाठी गुणपत्रक मांडलं. त्यात चारच गोष्टी आहेत. आधी पक्षाघात किंवा त्याचा तात्पुरता झटका येऊन गेला असेल तर एक गुण. रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन असायला हवं त्यापेक्षा कमी किंवा जास्त असेल तर एक. नैराश्याच्या १५ प्रश्नांत चारपेक्षा जास्त गुण आले तर एक. आणि एमएमएसई या ३० गुणांच्या बुद्धिचाचणीत २४ ते २७ आले तर एक, २३ किंवा कमी आले तर दोन. पद्धत १२२ जणांवर बेतली आणि वेगळ्या १०९ जणांवर पडताळली. पडताळणीत शून्य गुणवाल्यांपैकी १८ टक्क्यांना, एक गुणवाल्यांपैकी ४३, दोनवाल्यांपैकी ६० आणि तीन किंवा त्याहून अधिक गुणवाल्यांपैकी ८७ टक्क्यांना डेलिरियम झाला.

आमच्या या रुग्णाचे, म्हणजे आबाजींचे, गुण भरले पाच. म्हणजे पाचपैकी पाच.

यातला झटक्याचा गुण खरा. अल्ब्युमिन ३.२, म्हणजे कमी, तोही खरा. उरलेल्या तीन गुणांपाशी मी थांबलो.

एमएमएसईत त्यांना २१ मिळाले. गेलेले नऊ गुण कुठं गेले ते मी लिहून काढलं. वाक्य वाचायचं होतं, एक गेला. वाक्य लिहायचं होतं, एक गेला. एकमेकांत अडकलेले पंचकोन काढायचे होते. ज्यानं साठ वर्षांत पेन्सिल धरली नाही तो काय काढणार? तारखेला त्यांनी "श्रावण लागला, नागपंचमी होऊन गेली" असं सांगितलं, जे बरोबर होतं, पण फॉर्मला ऑगस्ट महिन्याची तारीख हवी होती. शंभरातून सात-सात वजा करत जायचं होतं, एकदा ९३ म्हणाले आणि मग मलाच विचारलं, "सात कायले कमी करता?" तिथं चार गेले. आठवायच्या तीन शब्दांपैकी एक विसरले.

मग मी कागद बाजूला ठेवून विचारलं, साडेतीन क्विंटल कापूस, भाव सात हजार, किती झाले? "साडेचोवीस हजार. पण सात हजारानं घेतो कोण?" उत्तर द्यायला त्यांना दम घ्यावा लागला नाही.

ही अडचण नवी नाही. हरियाणातल्या बल्लभगडच्या खेड्यांत स्मृतिभ्रंशाचा अभ्यास करताना संशोधकांना नेमकी हीच आली होती. त्यांनी अक्षरओळख नसलेल्यांसाठी हिंदी मेंटल स्टेट एक्झामिनेशन तयार केली, ती १९९५ साली प्रसिद्ध झाली. त्यात वजाबाकीऐवजी आठवड्याचे वार उलटे म्हणायचे असतात, लेखी सूचना वाचण्याऐवजी समोरच्याचं पाहून तसंच करायचं असतं. आबाजींना वार उलटे म्हणायला लावले. शनिवार, शुक्रवार, गुरुवार... मग गाडी वळली आणि शुक्रवार, शनिवार, रविवार अशी सरळ चालू लागली. दुसऱ्यांदाही तिथंच अडकले. इथं शाळेचा दोष काढता येत नाही. लक्ष धरून ठेवण्याची ताकदच थोडी कमी पडत होती, आणि डेलिरियमचा पहिला घाव तिथंच बसतो.

नैराश्याच्या प्रश्नावलीतही असाच घोळ. 'बरीच कामं आणि आवडी सोडून दिल्यात का?' हो. 'बाहेर जाण्यापेक्षा घरीच बसावंसं वाटतं का?' हो. वावरापर्यंत चाललं की छातीत कळ येते, माणूस घरी नाही बसणार तर काय करणार? 'आयुष्य रिकामं वाटतं का?' यावर म्हणाले, "पानी आला तं नाही वाटत." सहा गुण भरले खरे, पण त्यातले निम्मे मी हृदयाच्या खाती टाकेन.

समजा मी उदार झालो, नैराश्याचा गुण काढून टाकला आणि बुद्धिचाचणीचा एकच धरला. तरी बेरीज तीन होते, आणि तीन म्हणजे तोच सगळ्यात वरचा गट. मग एवढा कीस पाडून काय मिळालं? या रुग्णापुरतं, आकड्यात काहीच नाही. पण याच ओपीडीत कधी शाळेचं तोंड न पाहिलेली, बाकी सगळं ठणठणीत असलेली बाई बसलेली असते. तिला निव्वळ अक्षरओळख नाही म्हणून दोन गुण चिकटतील आणि ६० टक्क्यांची भीती दाखवली जाईल. परदेशी गुणपत्रक विदर्भातल्या रुग्णाला लावताना प्रत्येक गुण कशापायी मिळाला हे पाहावंच लागतं. शिवाय आकडा 'किती' ते सांगतो; 'कशामुळे' आणि 'आता काय करू' याबद्दल त्यात फारसं नसतं.

घरातून मिळालेलं उत्तर

ती माहिती सुनेकडे होती. तिला मी औषधांची सगळी पन्नी घेऊन यायला सांगितलं. यादी किंवा चिठ्ठ्या नकोत, पन्नीच आणा. त्यात मधुमेह-रक्तदाबाच्या गोळ्यांखाली अ‍ॅमिट्रिप्टिलिन २५ मिलिग्रॅमचं पाकीट निघालं. पायाची आग होते म्हणून कुणीतरी कधीतरी लिहून दिलेलं, आणि दोन वर्षं दुकानातून परस्पर चालू. सोबत किराणा दुकानातल्या सर्दीच्या गोळ्या, ज्यांत क्लोरफेनिरामिन असतं. दोन्ही औषधं मेंदूतल्या अ‍ॅसिटिलकोलिनला अडवतात, आणि लक्ष जाग्यावर ठेवायला तेच रसायन लागतं. वयस्क माणसाला भूल, शस्त्रक्रिया आणि वर ही औषधं, हे जुळून येऊ द्यायचं नसतं. सर्दीच्या गोळ्या त्याच दिवशी बंद केल्या, अ‍ॅमिट्रिप्टिलिन कमी करत दहा दिवसांत थांबवलं. पायाची आग थोडी वाढली, ती त्यांनी सोसली.

रात्रीचं विचारलं तेव्हा कळलं, पेरणीपासून ते जागलीला जातात. रानडुकरं एका रात्रीत वावर नांगरून ठेवतात. म्हणजे रात्री जागं आणि दुपारी झोप, हे दोनेक महिन्यांचं वेळापत्रक. छातीत कळ येत असतानाही जागल सुटली नव्हती. ती बंद केली, मुलानं घेतली, आणि ऑपरेशनच्या आधी झोप रात्रीवर आणायला सांगितलं.

खर्रा? दिवसाला आठ-दहा पुड्या. तंबाखू अचानक तुटल्यानं डेलिरियम होतो का, याचा पुरावा दोन्ही बाजूंचा आहे. पण माणूस चिडचिडा आणि बेचैन होतो हे नक्की, आणि आयसीयूत बेचैनीचं कारण शोधताना ही गोष्ट माहीत असलेली बरी.

आणि दारू. मुलगा समोर बसून ठामपणे म्हणाला, "आमच्याकडे कोनी पेत नाही." वर्धा जिल्ह्यात कित्येक दशकांची दारूबंदी आहे. इथं दारू मिळत नाही असं नाही, पण ती पितो असं डॉक्टरच्या कागदावर कुणी लिहू देत नाही. मुलगा गाडी काढायला बाहेर गेला आणि सून दारात थबकली. रोज संध्याकाळी मोहाचा एक पव्वा. कधी नाही मिळाला तर हात थरथरतात.

माझ्या लेखी या प्रकरणातलं हे सगळ्यात मोलाचं वाक्य. रोज पिणाऱ्याची दारू तुटली की काही तासांत कंप आणि घाम, आणि दोन-तीन दिवसांत भास आणि भ्रम सुरू होऊ शकतात, आणि शस्त्रक्रियेनंतरचा डेलिरियमही नेमका पहिल्या ते तिसऱ्या दिवसांत येतो. दिसायला दोन्ही सारखे. उपचार मात्र उलटे: दारू तुटल्यामुळे झालं असेल तर लोराझेपामसारखं गुंगीचं औषध द्यावंच लागतं, आणि तसं नसेल तर तेच औषध डेलिरियम वाढवतं. तीन आठवडे हातात होते. थायमिन (बी-१ जीवनसत्त्व) सुरू केलं, पहिले काही दिवस देखरेखीखाली औषध कमी कमी करत दारू सोडवली. नागपूरला निघाले तेव्हा दोन आठवड्यांहून जास्त काळ ते कोरडे होते. हे मुलाला सांगताना सुनेचं नाव कुठं येणार नाही एवढं मात्र पाहिलं.

नागपूरच्या भूलतज्ज्ञांसाठी एक पानाचं पत्र दिलं. डेलिरियमचा धोका बराच आहे, तो कशाकशामुळे, दारू केव्हापासून बंद, अ‍ॅमिट्रिप्टिलिन पुन्हा सुरू करू नये, मिडाझोलाम हे झोपेचं औषध शक्यतो टाळावं, चष्मा सोबत आहे, उजव्या कानाशी बोलावं, घरात वऱ्हाडी बोलतात, हिंदी समजते पण गडबडीत नाही. पत्रावर सुनेचा मोबाइल नंबर होता.

घरच्यांना सांगितलं ते असं: हे होण्याची शक्यता निम्म्याहून जास्त आहे. झालं तर ते वेडे झालेत किंवा बाहेरचं लागलंय असं समजू नका. बहुतेकदा काही दिवसांत उतरतं. आणि तुम्ही त्यांना रोज पाहता, बदल तुम्हाला नर्सच्या आधी कळेल.

आयसीयूतले दिवस

शस्त्रक्रिया नीट झाली. हार्ट-लंग मशीनवरचा वेळ १०५ मिनिटं, दोन पिशव्या रक्त, दुसऱ्या दिवशी सकाळी श्वासाची नळी निघाली. संध्याकाळच्या भेटीच्या वेळी सिस्टर म्हणाल्या, आजोबा एकदम शांत आहेत, काही त्रास नाही. सून पाच मिनिटं पलंगाशी उभी राहिली आणि बाहेर येऊन तिनं मला फोन केला. "मामाजीनं खर्रा नाही मांगला. वावराचं नाही इचारलं. नुसते पाह्यतात."

डेलिरियम म्हटलं की आरडाओरडा आणि सलाईन उपटणं डोळ्यांसमोर येतं. पण त्याचा एक मुका प्रकार असतो: माणूस पडून राहतो, विचारलं तर उशिरा एखादा शब्द बोलतो, जेवण पुढं ठेवलं तसं राहतं. हाच प्रकार सगळ्यात जास्त सुटतो, कारण वॉर्डात त्याचा कुणाला उपद्रव नसतो. मी भूलतज्ज्ञांना कळवलं. त्यांनी सीएएम-आयसीयू करायला लावली. या तपासणीत चार गोष्टी पाहतात: बदल अचानक आला का किंवा चढउतार आहे का, लक्ष टिकतं का, विचार विस्कळीत आहेत का, आणि जाग नेहमीसारखी आहे का. पहिल्या दोन हव्यातच, शिवाय उरलेल्या दोनपैकी एक. लक्षासाठी दहा अक्षरं म्हणतात आणि ठरलेलं अक्षर आलं की हात दाबायचा. दोनपेक्षा जास्त चुका म्हणजे लक्ष नाही. अक्षरांशी आबाजींचं वैर, म्हणून तिथल्या वरुडकडच्या एका सिस्टरनं 'बैल' ऐकलं की हात दाबा असं सांगून गाय, म्हैस, बैल, शेळी असे शब्द म्हटले. याला कुठल्या अभ्यासाचं प्रमाणपत्र नाही, पण माणूस खेळात सामील तर झाला. सहा चुका.

दुसऱ्या रात्री मुकेपणा संपला. हृदयाची लय बिघडली, एट्रियल फिब्रिलेशन, ठोके १४०. ऑक्सिजन ९० पर्यंत उतरला. आणि आबाजी उठून बसले. "डुकरं शिरले वावरात. मले जागलीले जा लागते." छातीतल्या नळ्या, पेसिंगची तार, लघवीची पिशवी, सगळ्याला हात. कुणीतरी मनगटं पट्टीनं पलंगाला बांधली, त्यानं ते दुप्पट चवताळले. "काहून बांधलं मले?"

डेलिरियम हा बहुतेकदा दुसऱ्या कशाचा तरी निरोप असतो, म्हणून आधी कारणं पाहिली. लयीसाठी अमिओडॅरोन, पोटॅशियम-मॅग्नेशियम भरून काढलं, ऑक्सिजन वाढवला. साखर, सोडियम ठीक. लघवीची नळी काढली. तीन दिवस शौच नव्हतं, त्याचं औषध दिलं. दुखणं सांगता येत नसेल असं धरून पॅरासिटामॉल वेळेवर लावलं. चवताळलेल्या रुग्णाला शांत करायला देतात त्या हॅलोपेरिडॉलचा विचार झाला, पण अमिओडॅरोन चालू होतं आणि दोन्ही औषधं ईसीजीतलं क्यूटी हे अंतर लांबवतात, त्यानं लय आणखी बिघडू शकते. शिवाय २०१८ च्या माइंड-यूएसए चाचणीत आयसीयूतल्या डेलिरियमचे दिवस त्यानं कमी झाले नव्हते. लोराझेपामचं नाव निघालं तेव्हा भूलतज्ज्ञांनी पत्र काढून पाहिलं. दारू दोन आठवड्यांहून आधीच तुटलेली, कंप नाही, घाम नाही. लोराझेपाम दिलं नाही.

रात्री मुलाला आत घेतलं. नियमात बसत नव्हतं, पण त्या रात्री तिथं जे डॉक्टर होते त्यांनी ते केलं. मुलगा उजव्या कानाशी वाकून म्हणाला, "बाबा, आज माही पाळी हाय. म्या जातो जागलीले, तुमी निजा." पुस्तकं सांगतात, रुग्णाला वास्तवाची जाणीव करून द्या: हे हॉस्पिटल आहे, तुमचं ऑपरेशन झालं. ते दिवसा सांगावंच. पण रात्री दोन वाजता जो माणूस वावर राखायला निघालाय त्याच्याशी वाद घालून काय साधणार? मुलानं डुकरं आहेत असंही म्हटलं नाही आणि नाहीत असंही नाही. खांद्यावरचं ओझं तेवढं उतरवून घेतलं. पट्ट्या सोडल्या. चष्मा चढवला. पहाटेपर्यंत तुकड्या-तुकड्यानं झोप लागली.

तिसरा दिवस वाईट, चौथ्या दिवशी सकाळी ठीक आणि दिवेलागणीला पुन्हा बिनसलेलं, सहाव्या दिवशी दोन्ही वेळची तपासणी निर्मळ. दहाव्या दिवशी घरी.

मग तयारी वाया गेली का? भाकीत खरं ठरलं, डेलिरियम झालाच. तो टाळता आला असता असं मी म्हणणार नाही. १९९९ साली इनूये आणि सहकाऱ्यांनी ८५२ वयस्क रुग्णांत झोप, चालणं, चष्मा, श्रवण, पाणी, संभाषण यांकडे नेमून लक्ष दिलं, तेव्हा डेलिरियमचं प्रमाण १५ टक्क्यांवरून ९.९ वर आलं. पण ते मेडिकल वॉर्डातले रुग्ण होते, आणि एकदा सुरू झालेल्या डेलिरियमची तीव्रता त्या उपायांनी कमी झाली नव्हती. म्हणजे जे करायचं ते आधी, आणि कुणासाठी करायचं हे ठरवायला भाकीत. एका सिस्टरकडे तीन-चार पलंग असतात; सगळ्यांना सगळं मिळत नाही. अतिदक्षता विभागासाठी नेदरलँड्समध्ये २०१२ साली बेतलेलं प्री-डेलिरिक नावाचं चांगलं मॉडेल आहे, पण त्याचं गणित दाखल झाल्यानंतरच्या २४ तासांतल्या माहितीवर मांडतात. तोवर सून बाहेरच्या बाकावर गेलेली असते आणि औषधांची पन्नी घरी खुंटीला.

या एका रुग्णात माझ्या मते फरक पडला तो दोन ठिकाणी: मुका डेलिरियम एक दिवस आधी सापडला, आणि चुकीचं औषध दिलं गेलं नाही.

नंतरचे महिने

गावात परतल्यावर शेजाऱ्यांनी भगताचं नाव सुचवलंच. सुनेनं ऐकून घेतलं आणि सोडून दिलं.

सहा आठवड्यांनी आबाजी आले ते चालत. जखम भरलेली, छातीतली कळ गेलेली. आयसीयूतल्या दिवसांचं विचारलं तर म्हणाले, खूप डुकरं होती. लाजल्यासारखं हसले. ही लाज वयस्कांमध्ये पुष्कळ दिसते, म्हणून हे मेंदूचं आजारपण होतं, तुमचा स्वभाव नव्हे, असं घरच्यांसमोर सांगून टाकलं. वार उलटे म्हणताना आता शुक्रवारीच अडकले, आधीपेक्षा एक पायरी खाली.

हे अनपेक्षित नव्हतं. २०१२ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आलेल्या अभ्यासात हृदय शस्त्रक्रिया झालेल्या, ६० वर्षांवरच्या २२५ जणांना वर्षभर तपासलं होतं. त्यांतल्या ४६ टक्के लोकांना डेलिरियम झाला. सहा महिन्यांनी डेलिरियम झालेल्यांपैकी ४० टक्के लोक शस्त्रक्रियेआधीच्या बौद्धिक पातळीवर परतले नव्हते. न झालेल्यांत हे प्रमाण २४ टक्के. म्हणून पीककर्जाचे आणि बँकेचे कागद काही महिने मुलानं सोबत बसून पाहावेत असं ठरवलं. आबाजींना ते रुचलं नाही, पण अंगठ्याच्या यंत्रावर अनोळखी माणसासोबत एकट्यानं जायचं नाही एवढं त्यांनी कबूल केलं.

सहा महिन्यांनी, फेब्रुवारीत, वार गुरुवारपर्यंत उलटे आले. कापसाचा हिशेब पूर्वीसारखाच तडक. जागल मुलाकडेच आहे. दारू बंद आहे असं सून सांगते. खर्रा तीन पुड्यांवर आलाय. हा आकडा त्यांनी स्वतः सांगितलेला, तेव्हा थोडा वाढवून धरावा.

आता दुसऱ्या डोळ्याचा मोतीबिंदू. काढायलाच हवा, कारण अंधुक दिसणं हाही पुढच्या डेलिरियमचा एक धोका आहे. नेत्र विभागाच्या कागदावर सगळ्यात वर लिहिलं: बायपासनंतर डेलिरियम होऊन गेला आहे, फक्त जागा बधिर करून ऑपरेशन करावं, झोपेचं औषध देऊ नये, उघड्या डोळ्याला चष्मा राहू द्यावा, सुनेला टेबलापर्यंत सोबत येऊ द्यावं, त्याच दिवशी घरी पाठवावं. तारीख चना निघाल्यावरची घेतली आहे.